घरच्या घरी चरबीची टक्केवारी काढताय? या चुका टाळा

चरबी सांगणारा वजनकाटा सकाळी २४ टक्के दाखवतो, संध्याकाळी २७. मधल्या वेळात पोटात गेलं काय, तर पिठलं आणि दोन भाकरी. मग काटा खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण. काटा बहुतेक वेळा धड असतो. आपण त्याच्यावर कधी आणि कसं उभं राहतो, तिथे गडबड असते.

हा काटा चरबी थेट मोजत नाही. पायाखालच्या पट्ट्यांतून अगदी सौम्य वीज सोडतो आणि तिला किती अडथळा झाला, त्यावरून अंदाज बांधतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे ती अडते. परभणीच्या मे महिन्यात दिवसभर उन्हात राबून काट्यावर चढलात, तर अंगातलं पाणी आटलेलं असतं आणि आकडा फुगतो. म्हणून सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी मोजा. आदल्या दिवशी लग्नाच्या पंगती झाल्या असतील तर तो दिवस सोडून द्या.

रानात अनवाणी हिंडणाऱ्यांच्या तळपायाला घट्टे असतात, टाचा भेगाळलेल्या असतात. कोरड्या जाड कातडीतून वीज नीट जात नाही, तिथेही आकडा चढतो. पाय धुवा, पुसा आणि किंचित ओलसर असतानाच उभे राहा. काटा उंचसखल शहाबादी फरशीवर डुगडुगत असेल तर वजनच चुकतं, मग पुढचं सगळंच चुकतं. आणि काट्याच्या ॲपमध्ये वय, उंची, लिंग ज्याचं त्याचं भरा; बापाच्या नावावर पोरगं उभं राहिलं तर निघालेला आकडा कुणाचाच नसतो.

एक खोट मात्र काट्याचीच. वीज एका पायातून चढते, दुसऱ्यातून उतरते. पोटाचा हिशेब बराचसा अंदाजावर असतो. पाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशा माणसाला तो उगाच खूश करू शकतो.

टेपची पद्धत स्वस्त आणि माझ्या मते जास्त भरवशाची. पुरुषांसाठी कंबर, मान आणि उंची. बायकांसाठी त्यात नितंबांचा घेर. अमेरिकी नौदलासाठी १९८४ च्या सुमारास बसवलेली ही सूत्रं आज चरबी काढायच्या कुठल्याही ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये सापडतात. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे पँटचा नंबर टाकणं. आपल्याकडे ढेरी सुटली की पँट ढेरीच्या खाली उतरते आणि गडी म्हणतो, ‘माझी कंबर चौतीसच.’ समजा उंची १६८ सेंमी, मान ३७ सेंमी. कंबर ३४ इंच धरली तर उत्तर साधारण २० टक्के येतं. त्याच माणसाच्या बेंबीवरून टेप फिरवला आणि ३८ इंच भरले, तर २७. पोट आत ओढून मोजलं की असंच फसायला होतं. श्वास सहज सोडा, मग मोजा.

बायकांनी परकराच्या नाडीच्या वळावर नाही, तर पोटाचा घेर सर्वांत कमी असतो तिथे मोजावं, आणि साडीवरून तर नकोच. टेप शिंप्याचाच घ्या, मिस्त्रीचा लोखंडी नको. कापडी टेप जुना होऊन ताणला गेला असेल तर बदला. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, तेव्हा कॅल्क्युलेटर काय मागतोय ते बघूनच आकडा भरा.

नवऱ्याचे २२ आणि बायकोचे ३० पाहून तिला टोमणे मारू नका, बाईच्या अंगात चरबी निसर्गतःच जास्त असते. वजन बरोबर आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपण भारतीय लोक किडकिडीत दिसूनही आतून चरबी बाळगतो, ते असं.

पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विजेच्या काट्यावर चढू नये. आणि कंबर पुरुषाची ९० सेंमी, बाईची ८० सेंमीच्या वर भरली, तर टक्केवारीचा घोळ घालत बसण्यापेक्षा आधी उपाशीपोटीची साखर आणि बीपी तपासून घ्या.