ईटा कॅरिनी सापडत नाही म्हणताय? मराठवाड्यातून बघताना या चुका टाळा

मागच्या मार्चमध्ये भाच्याला घेऊन सलग तीन रात्री निलंगा रोडच्या एका शेतात जाऊन बसलो होतो आणि तिन्ही रात्री आम्ही चुकीच्या जागी बघत होतो. दुर्बीण चांगली होती, आभाळ स्वच्छ होतं, चुकलो आम्हीच. म्हणून हे लिहायलोय, म्हणजे तुमचा पेट्रोलचा खर्च तरी वाचेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ईटा कॅरिनी म्हणजे दोन राक्षसी ताऱ्यांची जोडी, मोठा साधारण 90 सूर्यांच्या वजनाचा, धाकटा 30 च्या आसपास, दोघांचा मिळून उजेड 50 लाख सूर्यांपेक्षा जास्त. अंतर अंदाजे 7500 प्रकाशवर्षं. दक्षिणेकडच्या कॅरिना तारकासमूहात आहे, आपला अगस्त्य ज्याच्यात येतो तोच.

आता पहिली चूक, आणि ही डोक्यातली आहे. "तो दक्षिण गोलार्धातला तारा, आपल्याकडून कुठं दिसतो." दिसतो की! लातूर-उदगीरकडून तो दक्षिण क्षितिजाच्या वर जवळपास 12 अंश चढतो, बीड-परभणी-नांदेडला 11 च्या आसपास, संभाजीनगरला साडेदहा. हात सरळ लांब करून मूठ धरा, ती मूठ म्हणजे 10 अंश. तेवढ्याच उंचीवर सगळा खेळ आहे. दिल्लीवाल्यांच्या नशिबात तेवढंही नाही, त्यांच्याकडं तो जेमतेम क्षितिजाला टेकतो.

पण मूठभरच उंची असल्यामुळं वेळ चुकली की सगळं चुकलं. येळवशीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या अवसेला, रानात मुक्काम टाकून रात्री दहाला दक्षिणेकडं बघत बसणारे मला माहीत आहेत, त्या दिवसांत हा तारा पहाटे चार-साडेचारला डोक्यावर, म्हणजे त्याच्या हिशोबानं डोक्यावर येतो. 20 मार्चला तो सर्वात उंच असतो रात्री सव्वाअकराला, 20 एप्रिलला सव्वानऊला, आणि मे च्या 10 तारखेला आठलाच, तेव्हा धड अंधारही पडलेला नसतो. रोज चार-चार मिनिटं अलीकडं सरकतो एवढं लक्षात ठेवा. त्या वेळेच्या एक तास आधी ते एक तास नंतर, बास. सगळ्यात भारी दिवस म्हणजे पाडव्याच्या आधीची अवस आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे तीन-चार दिवस, चंद्राची कटकट नाही आणि पावसाळी ढगही नाहीत.

आता आमची चूक. दक्षिणेला चार-चार ताऱ्यांचे एक नाही, दोन क्रॉस आहेत. खरा त्रिशंकू, आणि त्याच्या आधी उगवणारा खोटा क्रॉस, ज्यातले दोन तारे कॅरिनाचे आणि दोन शेजारच्या वेला तारकासमूहाचे. खोटा क्रॉस आकारानं मोठा आणि जरा मंद असतो, खरा लहान, ठसठशीत. आम्हाला रात्री साडेनऊला चार तारे दिसले, भाचा खूश, मी खूश, आणि मग तिथून "त्रिशंकूच्या उजवीकडं" असा मोबाईलमधला नियम लावून आम्ही अगस्त्याच्या बाजूला भटकत बसलो.

"मामा, क्रॉस तर सापडला, पण त्याच्या बाजूला कायच न्हाई."

"नीट बघ, गुलाबी ढगावानी असतंय."

"लई वेळ झालं बघायलोय. कायच न्हाई."

तिथं काही असणारच नव्हतं. खोटा क्रॉस उजवीकडं म्हणजे पश्चिमेला, खरा त्रिशंकू डावीकडं म्हणजे पूर्वेला, आणि ईटा कॅरिनी या दोघांच्या साधारण मधोमध, असा तो हिशोब आहे. बरेच जण खरा क्रॉस ओळखायला त्याच्याकडं बोट दाखवणाऱ्या मित्र आणि मित्रक या दोन ठळक ताऱ्यांची वाट बघतात. नियम बरोबरच आहे, फक्त आपल्याकडून ईटा कॅरिनी ऐन उंचीवर असताना मित्र उगवलेलाच नसतो आणि मित्रक क्षितिजाच्या धुळीत असतो. दोघं नीट वर येईपर्यंत थांबलात तर ईटा उतरणीला लागलेला असतो. त्यापेक्षा खोटा क्रॉस आधी पक्का करा आणि तिथून डावीकडं सरका.

सरकताना 10x50 चा बायनॉक्युलर असेल तर आधी धुरकट चुरा सांडल्यासारखा एक डाग दिसेल, तो कॅरिना तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, त्याच्यातच एक नारिंगी छटेचा ठिपका म्हणजे आपला तारा. अजून तीन अंश डावीकडं गेलात तर गच्च ताऱ्यांचा एक सुंदर पुंजका लागतो, एनजीसी 3532. खूप जण त्यालाच तेजोमेघ समजून घरी जातात. तसा तोही काही कमी नाही म्हणा, हबल दुर्बिणीनं 1990 च्या मे महिन्यात पहिला फोटो काढला तो याच पुंजक्याचा.

नुसत्या डोळ्यांनी बघायचा हट्ट सोडा. तारा चौथ्या प्रतीचा आहे म्हणून ॲप सांगतं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा वाढला की तारा मंद), ते खरं आहे, पण ते वातावरण धरून नाही. 11 अंशावर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानानं पाचपट जाड हवेतून येतो, वर आपल्याकडचा एप्रिलचा धुरळा आणि कुणीतरी पेटवलेलं उसाचं पाचट. सहज एक-दीड प्रत खाऊन टाकतं.

जागेचं म्हणाल तर एकच गोष्ट, गावाच्या दक्षिणेला जा. लातूरच्या उत्तरेला कितीही अंधारं शेत मिळालं तरी दक्षिणेला अख्खं लातूर लखलखत असतं, म्हणून औसा-निलंग्याकडं निघायचं. संभाजीनगरवाल्यांना तर दक्षिणेला शहराला लागूनच्या सातारा भागातले डोंगर आडवे येतात, त्यांनी सरळ पैठणच्या बाजूला जावं.

गच्चीवरून करायचं असेल तर दोन भानगडी आहेत ज्या कुणी सांगत नाही. एक, डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या खोक्यावरची दुर्बीण, बुटकी असते आणि 11 अंशावर लावली की तिचं तोंड थेट कठड्यात जातं. मी एकदा पंधरा मिनिटं फोकस फिरवत होतो, आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, नुसता काळोख, नंतर कळलं मी आमच्याच कठड्याचं प्लास्टर बघायलोय. सात-आठ फूट मागं सरका किंवा दुर्बीण स्टुलावर चढवा. दोन, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत वाफा टाकतो आणि तारा तव्यावरच्या थेंबासारखा नाचतो. इंटरनेटवर सल्ला असतो की संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा. 2016 ला ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय तिथं हे मी सांगणार नाही. जुन्या घराचं मातीचं माळवद मिळालं तर बघा, ते लवकर निवतं.

"पण मला दोन तारे वेगवेगळे दिसेनात" अशी तक्रार घेऊन येऊ नका, ते कुणालाच गच्चीवरून दिसत नाहीत. दोघं साडेपाच वर्षांत एकमेकांभोवती एक लांबोडका फेरा मारतात आणि सगळ्यात जवळ येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सूर्य ते मंगळ एवढंच उरतं. 7500 प्रकाशवर्षांवरून ते काय वेगळं दिसणार! ही जोडी आहे हेसुद्धा डोळ्यांनी नाही कळलं, ऑगुस्तो दामिनेली या ब्राझीलच्या खगोलशास्त्रज्ञानं 1996 ला ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातले बदल साडेपाच वर्षांनी परत येतात हे दाखवलं तेव्हा चित्र स्पष्ट व्हायला लागलं. तेव्हा दुकानदार "600 पट मोठं दिसतं" म्हणून पुठ्ठ्यासारखी दुर्बीण गळ्यात मारत असेल तर हात जोडा आणि निघा.

मोठ्या दुर्बिणीतून जे दिसू शकतं ते वेगळंच आहे, ताऱ्याभोवतीचा दोन फुग्यांचा बारका ढग, होमुनक्युलस. त्याची गोष्ट खरी भारी आहे. 1677 ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलीनं सेंट हेलेना बेटावरून हा तारा नोंदवला तेव्हा तो साधा चौथ्या प्रतीचा होता. 1837 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत केपला बसलेल्या खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलला तो एकदम भडकलेला दिसला आणि 1843 च्या मार्चमध्ये तर तो व्याधाच्या खालोखाल आकाशातला दोन नंबरचा तारा झाला. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, लाइटचा पत्ता नाही, माळवदावर झोपलेल्या कुणालाही दक्षिणेला तो सहज दिसावा. त्या उद्रेकात किमान 10 सूर्यांएवढा माल बाहेर फेकला गेला, तोच हा ढग. आपल्या उंचीवरून मला आठ इंची दुर्बिणीतून तो एकदाच नारिंगी, सुजलेल्या ताऱ्यासारखा वाटला, फुगे वेगळे नाहीत दिसले. फोटोतले रंग शोधत बसाल तर निराश व्हाल.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं तो "फुटलाय आणि पृथ्वी जळणार" हेही डोक्यातून काढा. फुटेल नक्की, उद्या किंवा हजारो वर्षांनी, पण एवढ्या अंतरावरून आपल्याला फक्त बघायला मिळेल.

आणि शेवटची चूक खास आपल्या भागातली. हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो उभं राहतंय ना, तिथून हा तारा मस्त दिसेल असं मला आतापर्यंत चार जणांनी तरी सांगितलं. लायगो ही दुर्बीण नाही, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, त्यात लेझर, आणि ते पकडणार गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे बारके हिसके, त्याही सेकंदात दहा-वीस-शंभर वेळा थरथरणाऱ्या. अशा लहरी शेवटच्या क्षणी एकमेकांत घुसणारी कृष्णविवरं देतात, साडेपाच वर्षांत एक फेरा मारणारी जोडी नाही. अशा जड ताऱ्यांच्या जोड्या मेल्यावर मागं कृष्णविवरांच्या जोड्या राहू शकतात, एवढंच काय ते नातं. तिथं डोळा लावायला आयपीसच नसणार आहे.