घर घेण्याआधी गाव कसं निवडावं

घराची फरशी बदलता येते, एखादी खोलीही वाढवता येते. गावाचं पाणी, रस्ते आणि कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर मात्र आपल्या हातात नसतं. म्हणून घरं बघत हिंडण्याआधी गाव ठरवा.

पहिली चाळणी प्रवासाची. नकाशावरचे किलोमीटर सोडा, दारापासून दारापर्यंतची मिनिटं मोजा: स्टेशनापर्यंतची चाल, गाडीची वाट, पार्किंग सगळं धरून. एका वेळचे 45 मिनिटं म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात साडेसात तास. 75 मिनिटं झाली की साडेबारा तास. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन-येऊन बघा. सुटीच्या दिवशी रस्ते मोकळे असतात आणि बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो.

मग पाणी. ते कुठून येतं, कोरड्या महिन्यांत कपात होते का, जोराच्या पावसात कोणता भाग तुंबतो? पूररेषेचा नकाशा मिळत असेल तर बघाच. त्या भागातल्या घराच्या विम्याचा हप्ताही विचारा. शेजारच्या भागापेक्षा तो बराच जास्त निघाला, तर कारण खोदून काढा. तळमजल्याच्या भिंतींवर एकाच उंचीवर ओलीची आडवी रेघ दिसली, तर तिथे पाणी साचून राहिलं असण्याची शक्यता धरा.

शाळा जवळ असली म्हणजे प्रवेश मिळेलच असं नाही. नियम आणि जागा शाळेतच विचारा, आणि लहान मुलांचे पालक असाल तरी माध्यमिक शाळाही बघून ठेवा. रात्री दवाखाना गाठायला किती वेळ लागतो, हेही तपासा.

सगळं गाव एकाच कारखान्यावर चालत असेल तर सावध राहा. तो बंद पडला की नोकरी जाते आणि त्याच सुमारास घराची किंमतही घसरते.

स्थानिक प्रशासनाचा विकास आराखडा वाचा. समोरचं मोकळं मैदान त्यात कदाचित महामार्ग असेल.

किमतीचा ढोबळ हिशोब असा: घराच्या किमतीला तशाच घराच्या वर्षभराच्या भाड्याने भागा. उत्तर 15 च्या आत आलं तर विकत घेणं सहसा परवडतं. 20 च्या वर गेलं तर आधी भाड्याने राहण्याचा विचार करा. कर्जाच्या व्याजदरानुसार ही सीमा सरकते.

तरीही मन ठरत नसेल तर काही महिने तिथे भाड्याने राहा, तेही गावाच्या सगळ्यात त्रासदायक ऋतूत. चुकीच्या गावात घेतलेलं घर विकताना दलाली, कर आणि कागदपत्रांवर जो पैसा जातो, त्यापुढे हे भाडं बहुधा कमीच भरतं.