मांजरानं घरातलं काही गिळलं तर काय करायचं अन् काय नाही

दिवाळीनंतर काकू ओसरीवर गोधडी शिवत होत्या, आमची मनी शेजारी रीळ लोळवत बसलेली, अन् बघते तर तिच्या तोंडातून वीतभर दोरा लोंबतोय. मी ओढणारच होते, काकूंनी हात धरला. दोरा कधीच ओढायचा नाही, तोंडातून नाही अन् मागूनही नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात म्हणून दोरा थुंकता येत नाही, एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं, मग परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर चुण्या पडतात ना तसं आतडं गोळा होतं, अन् ओढलं की कापतं. दोरा तसाच राहू द्या अन् सरळ डॉक्टरकडं न्या. मनीचं ऑपरेशन झालं, वाचली.

दुसरं, तापाची गोळी. लेकराला देतो तशी अर्धी मांजराला देणारे लोक मी पाहिलेत, हात जोडून सांगते देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला झेपतच नाही, 500 एमजीची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या चॉकलेटी नाहीतर निळसर दिसल्या, तोंड सुजलं, धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, यावर उतारा आहे पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

ज्वारीच्या पोत्यामागं उंदराचं औषध आपल्याकडं घरोघरी असतंच. काळ्या पावडरीत झिंक फॉस्फाइड असतं, पोटात गेलं की त्याचा विषारी गॅस होतो. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वेगळ्या, त्यानं रक्त गोठत नाही, दोन-तीन दिवस मांजर एकदम चांगलं दिसतं अन् मग रक्त जायला लागतं. खाल्लंय हे कळलं की खेळतंय म्हणून घरी ठेवू नका, त्याला व्हिटॅमिन के वन लागतं. पाकीट सोबत न्या.

डांबरगोळ्या कपाटात बंद ठेवा. फिनेलनं फरशी पुसली तर वाळेपर्यंत मांजर बाहेर, पायाला लागलेलं ते चाटतं, पाय ओले झालेच तर साध्या पाण्यानं धुवा. रिमोटातला बटन सेल गिळला तर काही तासांतच अन्ननलिका भाजते.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मीठच अंगावर येतं. दूध-तेलही नको.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आधी फोन करा, काय गिळलं, किती, कधी अन् मांजराचं वजन किती ते सांगा. मोठं काम असलं तर परभणी अन् उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहेत. नेताना पोत्यात बांधू नका, झाकणाच्या टोपलीत न्या, हवा लागली पाहिजे.