एफ५जे ग्लायडर: कमी उंचीवरून उडवण्याची तयारी नागपुरात कशी करावी

पूर्वी रेडिओने उडवायचे मॉडेल ग्लायडर वर चढवण्यासाठी विंच किंवा दोर ओढणारी माणसे लागत. एफ५जे या स्पर्धाप्रकारात ते काम नाकातली मोटर करते, मात्र ती जास्तीत जास्त ३० सेकंदच चालवता येते. हवेत काढलेल्या प्रत्येक सेकंदाला १ गुण असतो, प्राथमिक फेरीत १० मिनिटांपर्यंत. सुरुवातीच्या, म्हणजे मोटरच्या जोरावर गाठलेल्या, उंचीपैकी पहिल्या २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण आणि त्यापुढे दर मीटरला ३ गुण कापले जातात. म्हणजे १२० मीटरऐवजी ६० मीटरवर मोटर बंद केली तर ३० गुण वाचतात. पण तिथून थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा प्रवाह, सापडला नाही, तर मॉडेल दोन-तीन मिनिटांत जमिनीवर येते आणि उरलेल्या वेळेचे सगळे गुण जातात.

अलीकडच्या मॉडेलची रचना याच हिशेबातून घडली आहे. पंखांचा विस्तार नियमाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे जवळपास ४ मीटर नेला जातो; पातळ पसरलेल्या कार्बन तंतूंच्या कापडामुळे वजन दीड किलोच्या आत ठेवता येते; पंखाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, म्हणजे सर्व्होचा, दांडा पंखाच्या आतच लपवला जातो; आणि वारा असेल तेव्हा वजन वाढवण्यासाठी बॅलास्टची सोय असते. नवशिक्याने मात्र थेट असे मॉडेल घेऊ नये. दोन मीटरच्या साध्या मॉडेलवर हात बसल्याशिवाय महागड्या कार्बनचा उपयोग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपुरात आधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे शहरातली बहुतेक मैदाने बाद होतात. ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट आणि त्यापलीकडच्या ग्रीन झोनमध्ये ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, एवढीच उंची विनापरवानगी मोकळी असते. म्हणून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा पाहून कळमेश्वर-काटोलच्या बाजूला, शेतमालकाला विचारून, पीक निघालेले शेत निवडावे. पऱ्हाटी उभी असलेले शेत टाळावे, कारण तिचे वाळके खुंट पंखाचा खालचा भाग फाडतात. वरची मर्यादा अशी ठरलेली असल्यामुळे कमी उंचीवरचा सराव आपोआपच होतो. थर्मलमध्ये मॉडेल मर्यादेजवळ आले, की ब्रेक लावून खाली आणावे.

गुरुत्वमध्य प्रथम उत्पादकाने सांगितलेल्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला ठेवावा आणि उड्डाणागणिक थोडा थोडा मागे सरकवावा. रेडिओवर तीन मोड लावावेत: थर्मलसाठी पंखाची मागची कड दोन-तीन मिलिमीटर खाली, सरळ उडण्यासाठी समपातळीत, आणि वाऱ्याविरुद्ध परतताना किंचित वर. उतरताना फ्लॅप (पंखाच्या आतल्या बाजूच्या झडपा) खाली व एलेरॉन (टोकाकडच्या झडपा) वर जातात, तेव्हा नाक उचलले जाऊ नये म्हणून एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या झडपेची) भरपाई त्यात मिसळून ठेवावी.

सर्वांत जास्त गुण मोटर बंद करण्याच्या क्षणी वाया जातात. मोटर थांबल्यानंतरच्या १० सेकंदांत गाठलेली सर्वाधिक उंचीही मोजली जाते. त्यामुळे वेगात असलेले मॉडेल स्विच बंद केल्यावर वर सरकले, तर ते मीटरही खात्यावर पडतात. म्हणून ठरवलेल्या उंचीच्या थोडे अलीकडे नाक आडवे करावे, मगच मोटर बंद करावी. त्यानंतर एका पंखाचे टोक उचलले गेल्यासारखे दिसले, तर त्याच बाजूला वळावे, कारण वर चढणारी हवा तिकडे असते. घारी फिरत असतील, तर त्यांच्यावर बेधडक विश्वास ठेवावा.

नवशिक्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ सौम्य असते. मात्र संक्रांतीच्या आसपास पतंगांच्या मांजापासून दूर राहावे. एप्रिल-मे महिन्यांत थर्मल जोरदार पण अरुंद असतात आणि वावटळ हलक्या मॉडेलला सहज उलटवते, म्हणून त्या दिवसांत बॅलास्ट घालावा. बंद गाडीत पंख आणि लिपो बॅटरी मुळीच ठेवू नयेत. काळा कार्बन उन्हात इतका तापतो, की आतले इपॉक्सी (तंतू जोडणारी राळ) मऊ होऊन पंखाला पीळ बसतो. शेतावर पोहोचताच मॉडेलवर पांढरी चादर टाकावी.