पूलचं नवं पांढरं प्लास्टर आणि डाग: ॲसिडचा कॅन उघडण्याआधी

पूल भरून आठवडा होतो, पांढऱ्या तळावर एक तपकिरी ढग उमटतो आणि साइटवरचा सल्ला ठरलेला असतो: पाणी काढा, ॲसिड मारा. पहिल्या महिन्यात नेमकं हेच करू नये. पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचा तो थर जेमतेम 10-12 मिलिमीटरचा. निदान 28 दिवस तो पाण्याखाली मुरत असतो, आणि मुरताना त्यातून चुना सुटत असतो. ॲसिड आधी हा चुना खातं, मग मार्बल. डाग जातो खरा, पण गवंड्याने घोटून आणलेली वरची गुळगुळीत सायही जाते. खरखरीत झालेल्या तळावर पुढचा डाग आणि शेवाळ दोन्ही लवकर धरतात.

म्हणून आधी डाग कशाचा ते ओळखा. त्यासाठी पाणी काढावं लागत नाही.

जुन्या पायमोज्यात मूठभर ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीची पांढरी पावडर, बांधा आणि काठीने डागावर एक मिनिट दाबून धरा. पावडर नसेल तर 500 मिलिग्रॅमच्या दहा-बारा गोळ्या कुटून घ्या, पण बिनरंगाच्या. चघळायच्या नारिंगी गोळ्यांत साखर आणि रंग असतो. मोजा उचलल्यावर त्याच्या आकाराचा पांढरा ठसा दिसला, तर डाग लोखंडाचा.

ठसा उमटला नाही, तर क्लोरीनची टॅब्लेट काठीच्या टोकाला धरून डागावर अर्धा मिनिट घासा. फिकटला तर तो पानांचा किंवा शेवाळाचा. टॅब्लेट तिथेच ठेवून जाऊ नका. ती स्वतः चांगलीच आम्लधर्मी असते आणि नव्या प्लास्टरवर आपला गोल ठसा सोडते. खरखरीत पांढरा थर असेल, तर वरचंच सालपट खरवडून वाटीत ॲसिडच्या थेंबात टाका. फसफसलं तर कॅल्शियम. निळसर-हिरवा डाग बहुधा तांब्याचा असतो, आणि आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण म्हणजे शेवाळासाठी टाकलेलं मोरचूद. नव्या प्लास्टरमुळे पाण्याचा पीएच चढलेला असतो, त्यामुळे तांबं पाण्यात न राहता भिंतीवर बसतं. पहिला महिना मोरचूद नकोच. डाग पडलाच असेल, तर मोज्यात लिंबूसत्व बांधून तसंच दाबून धरा. तांब्यावर ते व्हिटॅमिन सीपेक्षा बरं चालतं.

यातल्या कशानेच ढिम्म फरक पडला नाही आणि डाग राखाडी, ढगाळ असेल, तर तो प्लास्टरवर नाही, प्लास्टरमध्ये आहे. थापी फिरेना म्हणून वरून पाणी शिंपडलं, लवकर सेट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड जास्त टाकलं (सिमेंटच्या वजनाच्या 2 टक्क्यांवर जाऊच नये), किंवा थर कडक झाल्यावरही पोलादी थापीने घोटत राहिले, की असे पट्टे येतात. घासून ते निघत नाहीत. काही महिन्यांत थोडे फिकटतात, तेवढंच. त्यावर ॲसिडचा खर्च करू नका. ठेकेदाराशी बोलायचं ते इथे बोला.

सगळ्यात जास्त दिसतात ते लोखंडाचे डाग, आणि ते सहसा बोअरच्या पाण्यातून येतात. पाणी उपसताना काचेसारखं स्वच्छ असतं. पूल भरण्याआधी पांढऱ्या बादलीत ते घ्या, चिमूटभर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पिवळसर झालं किंवा तळाशी तांबूस गाळ बसला, तर हेच उद्या तुमच्या भिंतीवर होणार आहे. लोह 0.3 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) वर असेल, तर पाणी लोह काढणाऱ्या फिल्टरमधून घ्या किंवा टँकर मागवा. कोकणात आणखी एक वाट असते. पूलच्या काठाला जांभा लावलेला असतो, आणि पहिल्या पावसात त्याची तांबडी माती थेट पाण्यात उतरते.

आता उपाय. 8 बाय 4 मीटर, सरासरी 1.4 मीटर खोल पूल धरा, म्हणजे सुमारे 45,000 लिटर पाणी. प्लास्टर 28 दिवसांचं होईपर्यंत फक्त मोज्याने डागापुरतं काम करा. पूर्ण पूलचा उपचार त्यानंतर. आधी दोन-तीन दिवस क्लोरीन बंद ठेवून ते जवळपास शून्यावर येऊ द्या, नाहीतर तेच व्हिटॅमिन सी खाऊन टाकतं. मग पंप चालू ठेवून हजार लिटरला 12 ग्रॅम, म्हणजे इथे साधारण 540 ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड डागांच्या भागात पसरून टाका. 24 तास पंप चालवा. पीएच खाली येईल, 7.0 च्या खाली जाऊ देऊ नका, खाण्याचा सोडा घाला.

बहुतेक जण चुकतात ते यानंतर. तळ पांढरा झाला म्हणून त्याच संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस टाकतात आणि सकाळी डाग परत हजर. लोखंड कुठे गेलेलं नसतं. ते पाण्यात विरघळलेलं असतं आणि क्लोरीन लागताच पुन्हा गंजतं. त्यामुळे आधी धातू पाण्यात धरून ठेवणारं सिक्वेस्ट्रंट डब्यावरच्या मापाने टाका, मग क्लोरीन चार-पाच दिवसांत हळूहळू 1 पीपीएमपर्यंत न्या. क्लोरीन सिक्वेस्ट्रंटला तोडत राहतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावं लागतं. थोडं पाणी काढून त्या जागी लोह नसलेलं पाणी भरणं हा खरा इलाज.

तपकिरी ढगाऐवजी नारिंगी ठिपका असेल आणि तो पुसूनही दर आठवड्याला तिथेच येत असेल, तर आत बाइंडिंग वायरचं, म्हणजे सळया बांधायच्या तारेचं, टोक आहे. ठिपके ओळीत, 150 किंवा 200 मिलिमीटरवर येत असतील, तर सळईवर कव्हर, म्हणजे तिला झाकणारं काँक्रीट, कमी आहे, आणि ते इंजिनिअरला दाखवायचं काम. एकट्या ठिपक्यासाठी पाणी त्याच्या खाली घ्या, छिन्नीने भोवतीचं प्लास्टर काढा, तार निदान 25 मिलिमीटर आत कापा. खळगा पाण्यात घट्ट होणाऱ्या मॉर्टरने वरचे 10 मिलिमीटर सोडून भरा, मग पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडर. ठिगळाचा रंग थोडा वेगळा दिसणारच, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

बरेच डाग भरतानाच टाळता येतात. पाइपचं तोंड सर्वात खोल जागी ठेवून त्याला जुना सुती टॉवेल गुंडाळा. गोणपाट नको, नव्या तागाचा तपकिरी रंग ओल्या प्लास्टरवर उतरतो. भरणं मध्ये थांबवलं, तर त्या उंचीला कायमची रेघ पडते. 10,000 लिटरचे पाच टँकर लागणार असतील, तर पाचही ठरल्याशिवाय पहिला रिकामा करू नका. भरल्यावर दिवसातून दोनदा नायलॉनच्या ब्रशने घासा; तारेच्या ब्रशचा तुटलेला प्रत्येक केस म्हणजे गंजाचा ठिपका. पहिले 48 तास क्लोरीन नको, 28 दिवस चाकांचा व्हॅक्यूम नको. सागाची आणि बदामाची पानं रोज जाळीने काढा, रात्रभरात ती आपली नक्षी उमटवतात.

पीएच रोज तपासा, तो चढतच राहतो. 7.2 ते 7.6 मध्ये आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) 80 ते 120 पीपीएममध्ये ठेवा. या 45,000 लिटरमध्ये अल्कलिनिटी 10 पीपीएम उतरवायला 33 टक्क्यांचं सुमारे 850 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. ते दोन वेळा विभागून, बादलीभर पाण्यात मिसळून टाका. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडवर नाही. टीसीएल आणि ॲसिड एका बादलीत कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीएल आणि क्लोरीनच्या टॅब्लेटही एका भांड्यात नकोत, त्यांचा भडका उडतो.

आणि पूल पूर्ण रिकामा करण्याची वेळ आलीच, तर पावसाळ्यात करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. रिकामी टाकी त्यावर उचलली जाऊन तडकते.