टर्फग्रास व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी कशी निवडावी आणि तिचा अभ्यास कसा करावा

टर्फग्रास म्हणजे मैदाने आणि हिरवळींसाठी वाढवलेले, नियमित कापले जाणारे गवत. गोल्फचे ग्रीन (चेंडू ज्यात घालवायचा त्या खळग्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ), फुटबॉलचे मैदान किंवा उद्यानातील हिरवळ वर्षभर खेळण्याजोगी राखणे हे मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि जलव्यवस्थापन यांवर उभे असलेले शास्त्र आहे, आणि त्याची पदवी आता नोकरी न सोडता घेता येते. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठ आपल्या वर्ल्ड कॅम्पसमार्फत या विषयातील पदवी, पदव्युत्तर पदवी आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवते. मैदानावर आधीपासून काम करणाऱ्यांना अशा शिक्षणाचा सर्वाधिक उपयोग होतो. ज्यांनी गवत कापण्याचे यंत्र अजून हाताळलेले नाही, त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी निदान एक हंगाम एखाद्या मैदानावर काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभ्यासक्रम निवडताना तो कोणत्या गवतांवर भर देतो हे आधी पाहावे. बेंटग्रास आणि केंटकी ब्लूग्रास ही थंड हवामानातील गवते साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात, तर बर्म्युडा म्हणजे हरळी आणि झोयसिया या उष्ण हवामानातील गवतांना २७ ते ३५ अंश मानवतात. खते देण्याचा काळ, रोगांचा हंगाम आणि कापणीची उंची या फरकाप्रमाणे बदलत असल्याने, आपल्या भागात चालणाऱ्या गवतांना जिथे दुय्यम स्थान आहे तो अभ्यासक्रम कितीही नामांकित असला तरी अपुरा पडतो. विद्यापीठाची मान्यता, रसायनशास्त्र व गणिताची पूर्वअट आणि परीक्षेची पद्धतही तपासावी. प्रमाणपत्राचे श्रेयांक पुढे पदवीत धरले जातात का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

प्रवेशानंतर अभ्यासासाठी जमिनीचा एक तुकडा हाताशी असायलाच हवा. तो लहान असला तरी चालेल. उदाहरणार्थ, ग्रीनच्या एका प्रचलित रचनेत सुमारे ३० सेंटिमीटर वाळूच्या थराखाली १० सेंटिमीटर खडी असते. खडीमुळे पाणी लगेच खाली निघून जाईल असे वाटते, परंतु बारीक वाळूतील सूक्ष्म पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि वाळूचा तळ पुरेसा भिजेपर्यंत ते खडीत उतरत नाही. एवढ्या निचऱ्याच्या वाळूतही गवत दोन पाण्यांच्या मधल्या काळात तगते ते यामुळेच. हा भाग व्हिडिओ पाहून पटत नाही. पारदर्शक नळीत वाळू आणि खडी भरून वरून सावकाश पाणी ओतावे, म्हणजे पाणी कुठे अडते ते डोळ्यांना दिसते.

आकडेमोडही प्रत्यक्ष क्षेत्रावरच करावी. ५०० चौरस मीटरवर दर चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र द्यायचे असेल, तर एकूण २.५ किलो नत्र लागते, आणि युरियात ४६ टक्के नत्र असल्याने युरिया सुमारे ५.४ किलो होतो. नत्र आणि खत यांच्या वजनांची गल्लत झाली की एकतर गवत उपाशी राहते किंवा पाती करपतात. सिंचनाच्या धड्यासोबत सारख्या आकाराचे डबे तुषारांखाली ठेवून पाणी सगळीकडे सारखे पडते का, हे मोजावे.

गवताची ओळख हा ऑनलाइन शिक्षणातील सर्वांत कच्चा राहणारा भाग आहे, कारण छायाचित्रांत बहुतेक पाती सारखीच दिसतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पाते आणि त्याचे आवरण जिथे जुळतात तिथली पातळ जिभली पाहावी, आणि कोवळे पाते कोंबात दुमडलेले आहे की गुंडाळलेले, हे तपासावे. केंटकी ब्लूग्रासचे दुमडलेले पाते टोकाशी होडीच्या नाळेसारखे मिटलेले असते. टॉल फेस्क्यू या थंड हवामानातील दुसऱ्या गवताचे पाते कोंबात गुंडाळलेले असते. प्रत्येक नमुना वाळवून, नाव आणि तारीख लिहून जपून ठेवावा.

इंटर्नशिपसाठी मैदान निवडताना तिथले प्रमुख आपल्याला फवारणीच्या नोंदी, माती परीक्षणाचे अहवाल आणि अंदाजपत्रक पाहू देतील का, हे आधीच विचारून घ्यावे. केवळ यंत्र चालवण्यात हंगाम गेला तर पदवीला पूरक असे फारसे काही हाती लागत नाही. जिथे कीटकनाशकांच्या फवारणीसाठी कायद्याने परवाना लागतो, तिथे पदवी त्याची जागा घेत नाही, म्हणून त्या परीक्षेची तयारी कीड आणि रोगांच्या विषयांबरोबरच करावी.