नवे बॉल मागण्याआधी कोर्टवर ब्रश फिरवा

आमच्या क्लबातल्या पॅडेल कोर्टांची देखभाल माझ्याकडे असते. पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींनी वेढलेल्या कोर्टवर खेळायचा, टेनिससारखा खेळ. खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "टप्पा नीट येत नाही, नवे बॉल काढा." बहुतेक वेळा बॉलला काहीही झालेलं नसतं. वाळू हललेली असते. हे काम नव्यानेच ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांनी म्हणूनच वाळूपासून सुरुवात करावी.

टर्फच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या, पात्यांमध्ये सिलिका वाळू भरलेली असते. पाती उभी राहतात ती तिच्यामुळे, आणि बूट किती घसरायचा हेही तीच ठरवते. खेळताना ती पायांनी उडते आणि काचेच्या बुडाशी, त्यातही मागच्या दोन कोपऱ्यांत, साचते. व्हॉलीसाठी, म्हणजे टप्पा पडण्याआधीच बॉल मारायला, माणसं जिथे उभी राहतात ती नेटजवळची जागा आणि सर्व्हिस लाइनच्या मागचा पट्टा मात्र उघडा पडतो. तिथे पाती आडवी होऊन चकाकायला लागतात, वळताना बूट अडकतो आणि गुडघा बोलतो. कोपऱ्यातल्या ढिगावर याच्या उलट: बॉल बसतो, पाय सरकतो. एकाच कोर्टवर दोन प्रकारचे टप्पे, मग माणूस बॉललाच शिव्या घालणार.

खाली बसा आणि पात्यांमध्ये बोट घाला. वाळूच्या वर पात्यांची फक्त टोकं दिसली पाहिजेत. अर्धं पातं उघडं दिसलं, तर वाळू गेली म्हणून समजा.

ब्रश कोरड्या टर्फवरच मारायचा. ओल्या वाळूचे गोळे होतात. आधी छोट्या ब्रशने कोपऱ्यातले ढीग मोकळे करा. मग रुंद नायलॉनचा ब्रश घेऊन काचेकडून नेटकडे ओढा आणि शेवटी एकदा आडवा फिरवा. नवी मुलं नेटपासून काचेकडे ढकलत जातात. घाम भरपूर निघतो, वाळू जिथल्या तिथे! कोर्ट रोज भरलेलं असेल तर आठवड्यातून एकदा तरी हे हवंच. वाळू कमी पडली तर धुतलेली, वाळवलेली, गोल कणांची सिलिका वाळूच आणा. बांधकामाची वाळू स्वस्त पडते म्हणून कोणीतरी सुचवतंच. तिच्यातली माती पावसात बसली की टर्फ कडक होतं आणि पाणी मुरत नाही.

काचेचं काम त्यामानाने सोपं. 1969 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कोर्कुएरा यांनी घरच्या आवारात हा खेळ सुरू केला, तेव्हा भोवती साध्या भिंती होत्या; पुसायची कटकट नव्हती. आता प्रत्येक कोर्टला मागे दोन्ही टोकांना पाच-पाच आणि बाजूंना एकूण आठ काचा असतात. कोरड्या फडक्याने घासू नका, चिकटलेल्या वाळूचे ओरखडे उठतात. आधी पाणी मारा, मग वायपर वरून खाली. सकाळी दव असेल तर पहिल्या खेळाआधी एवढं कराच. ओल्या काचेवर बॉल आपटून बाहेर येत नाही, सरळ खाली घसरतो.

पुसतानाच प्रत्येक काचेवर तळहाताने थोपटा. खडखड वाजली तर बोल्ट किंवा त्याखालचा रबराचा वॉशर सैल आहे. पाना हातात आला म्हणून जोर लावू नका; टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच जास्त आवळल्यानेही फुटते. शेजारच्या दोन काचा एका पातळीत आहेत का, तेही जोडावरून बोट फिरवून बघा. कड वर आलेली असेल, तर बॉल तिथून भलतीकडेच जातो. तारेच्या जाळीवर हात फिरवायचा तो मात्र हातमोजा घालूनच. तुटलेलं टोक दिसलं की त्याच दिवशी वळवून घ्या.

नेट मध्यभागी 88 सेंटीमीटर, टोकांना 92. दर वेळी टेप शोधत बसण्यापेक्षा एक पाइप 88 ला कापून स्टोअरमध्ये ठेवा. मधला पट्टा हळूहळू ढिला होतो, आणि टेनिसवाले आपल्या सवयीने नेट वर घेऊन ठेवतात. त्यांचं नेट मध्यभागी 91 च्या पुढे असतं.

काचेच्या कडेला टवका दिसला तर कोर्ट बंद करायचं, बुकिंग कोणाचंही असो. टफन्ड काच चिरत नाही, एकदम दाणे होऊन कोसळते. तसं झालंच तर झाडू मारू नका, दाणे वाळूत आणखी खोल जातात. मोठे तुकडे हातमोज्याने उचला, मग व्हॅक्यूमने वरची वाळू दाण्यांसकट खेचून काढा आणि त्या जागी नवी भरा. वाळू चाळून पुन्हा वापरायचा मोह होतो, पण बारीक दाणे चाळणीतून जातात आणि खेळताना पडणारा माणूस हात टेकतो तो तिथेच.